एकशे साठ मायक्रॉन

द्रौपदा वानकर लग्नाघरी लांबपोळ्या करायची.
कोपरापर्यंत लोंबणारं पीठ
दोन्ही हातांवर झुलवत झुलवत
उलट्या माठावर निजवायची,
कुठे एक भोक नाही.
साहेबांनी विचारलं, शिक्षण?
तिनं नुसते हात पुढे केले.
तेव्हापासून ती सेलच्या टेबलावर आहे.

दोन केस एकावर एक ठेवा,
तेवढीच जाडी सेलची.
चिमटीत धरला तर चरा,
टेकवला तर चरा,
आणि चरा डोळ्याला दिसत नाही.
"पोयी माफ करते वं," द्रौपदा म्हणते,
"हा मेला करत नाही."

आर्वी रस्त्यावरच्या जुन्या जिनिंगची आमची शेड.
मे महिन्यात पत्रा तापतो, तरी पंखा बंद,
कारण वाऱ्यानं सेल उडतात.
गावात एसी एकच,
तो ईव्हीएच्या रोलला लावलेला.
बाया जेवणाच्या सुट्टीत
त्या खोलीत रोल मोजायला जातात.
रोल असतात अकरा.
मोजायला वीस मिनिटं लागतात.

मी सोल्डरवर.
तांब्याची पट्टी, फ्लक्सचा आंबट धूर,
लोखंड टेकवायचं, ओढायचं, सोडायचं.
दोन सेलच्या मधात पट्टीला किंचित वाक द्यायचा,
उन्हात तांबं जास्त पसरतं, सिलिकॉन कमी,
जागा नसली की रोज सकाळ-संध्याकाळ
एकमेकांना ओढत राहतात.
पंचफुला यावर दर वेळी सासूचं नाव घेते.

मग काच, तिच्यावर ईव्हीए, सेलच्या ओळी,
पुन्हा ईव्हीए, पाठीला पांढरी शीट.
लॅमिनेटरचं झाकण पडतं.
आधी सगळी हवा काढून घेतो तो,
मग एकशे पंचेचाळीस अंश.
बाहेर येतं तेव्हा पाच थरांचं एकच झालेलं असतं.
आता ते कोणालाच उघडता येत नाही.
करणारीलाही नाही.

मागच्या पोळ्याच्या आठवड्यात
धारणीकडून जीप आली,
गोधडीत गुंडाळलेलं एक पॅनल घेऊन.
उपकेंद्राच्या छपरावरचं.
लसीचा फ्रिज भर दुपारी चिरचिरतो,
सिस्टर बेठेकरनं चिठ्ठीत लिहिलेलं,
"दोनदा डोस फेकावे लागले."
पाठीवर चहाच्या डागाएवढं तपकिरी वर्तुळ.

काळ्या खोलीत नेलं.
तिथे पॅनलकडून घेत नाहीत, त्यालाच करंट देतात,
आणि सेल उजळतात, आपल्याला न दिसणाऱ्या उजेडात,
फक्त कॅमेऱ्याला दिसतात.
पडद्यावर सगळ्या ओळी राखाडी, शांत.
तिसऱ्या ओळीतला चौथा सेल
अर्धा काळा.

नंबर वाचला. रजिस्टर काढलं.
सहा वर्षं जुनं पान, कोपरा उंदरानं खाल्लेला.
सोल्डर: मं. का.
मंजुळा कावळे.
मी.

काय झालं होतं त्या दिवशी?
रात्रभर आठवत राहिले.
पोरगा आजारी नव्हता.
घरात भांडण नव्हतं.
लाईटसुद्धा गेली नव्हती, रजिस्टरात तशी नोंद आहे.
बुधवार होता, साधा.
डब्यात बहुतेक वांग्याची भाजी.
हात जरा लवकर उचलला, बस.
एवढ्याला कारण असावं
असं मला फार वाटत होतं.

नवीन पॅनल जीपमध्ये चढवताना
मी पण मागे बसले.
बेठेकर सिस्टरला सांगितलं, चूक माझी.
ती म्हणाली, बरं. आधी शिडी धरा.

जुनं पॅनल फेकलं नाही.
तिसरी ओळ सोडून
बाकी दोन ओळींचं अजून देतं.
काळ्या खोलीबाहेर वळचणीला उभं आहे,
त्याच्यावर त्या खोलीतला छोटा पंखा चालतो.
अख्ख्या शेडमध्ये तेवढाच.
नव्या पोरी घाम पुसायला तिथे जातात,
मला विचारतात, मावशे, हे डागवालं कोणाचं?
मी सांगते. मग त्यांना लोखंड हातात देते,
आणि आकडे मोजते:
एक, दोन, तीन,
थांब.
अजून नको उचलू.